ओवी कॉम्प्युटरात जाते तेव्हा



मागच्या वेळी आपण गटाचं लेखापरीक्षण आणि थकलेले हप्ते यावर बोललो होतो. त्यानंतर काही जणींचा निरोप आला की ताई, दर वेळी हिशोबच का, कधी दुसरंही बोला की. म्हणून आज गाण्याबद्दल बोलतो. जात्यावरच्या ओव्या आणि लॅपटॉपवर बनणारं नवं संगीत यांची गाठ आमच्या प्रभागात कशी पडली, आणि त्यापायी आम्हाला काय काय शिकावं लागलं, ते सांगतो. वही मात्र जवळ असू द्या, कारण फिरून आपण ठरावापाशीच येणार आहोत.

झालं असं. उन्हाळ्यात एका गावात ग्रामसंघाची मासिक बैठक होती. आम्ही तिघी सहयोगिनी हजर होतो. बैठक उठायच्या वेळेला शेजारच्या गावचा एक मुलगा आला. वय असेल चोवीस-पंचवीस. पुण्यात शिकायला होता, आता दिवसा बापाबरोबर शेती करतो आणि रात्री लॅपटॉपवर गाणी बनवतो. बोलायला भिडस्त. म्हणाला, "मला जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्यात. माझी आजी म्हणायची, पण ती गेली तेव्हा मी लहान होतो. त्या ओव्यांना मी इलेक्ट्रॉनिक म्युझिक लावणार आहे."

सगळ्या गप्प. मग सचिव ताईंनी विचारलं, "म्हणजे ओवीला डीजे लावणार?"

हशा पिकला. पोरगं लाजलं. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. आपण इलेक्ट्रॉनिक म्युझिक ऐकलंय ते हळदीलाच. जुनं कोळीगीत असतं, त्याच्याखाली धाड धाड ठेका घातलेला असतो, आणि घरातल्या भांड्यांनाही हादरे बसतात. तर ते नेमकं बनतं कसं, हे त्याने आम्हाला तिथेच ओट्यावर बसून दाखवलं. तेच आधी सांगतो.

यात ढोलकी वाजवणारा, पेटी वाजवणारा समोर असावा लागत नाही. ढोलकीची एक थाप, टाळाचा एक आवाज, असे हजारो आवाज कॉम्प्युटरात साठवलेले असतात, किंवा कॉम्प्युटर ते स्वतःच तयार करतो. गाणाऱ्याचा आवाजही तसाच साठवता येतो. मग त्यातला हवा तेवढा तुकडा कापायचा. त्या तुकड्याला हे लोक सॅम्पल म्हणतात. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत ठेवला की झाला लूप. वाकळ शिवताना आपण जुन्या लुगड्याचे तुकडे कापून, फिरवून, दुसऱ्या तुकड्याशेजारी लावतो ना, बरंचसं तसंच. फरक एवढाच की लुगडं एकदाच कापता येतं, आणि आवाजाचा तुकडा कितीही वेळा वापरला तरी मूळ आवाज तिथे तसाच राहतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. नाचाच्या गाण्यात मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके असतात, आणि ते एकसारखे असतात. आता जातं आठवा. पहाटे पहिली मूठ घालताना हात जड असतो, मग लय लागते, दाणे संपत आले की जातं हलकं होतं आणि पळायला लागतं. ओवी त्या हाताच्या मागे चालते. कुठे ओळ लांबते, कुठे दम घ्यायला थांबते, कुठे मध्ये "गं बाई" घालून जागा भरून काढायची. ही ओवी मशीनच्या ठोक्यात बसवायची तर दोनच रस्ते. एक तर ओवी ताणायची किंवा कापायची, नाहीतर ठेकाच ओवीच्या दमाप्रमाणे मागे-पुढे करायचा. पहिला रस्ता सोपा आहे. दुसऱ्याला वेळ आणि कान दोन्ही लागतात. आम्हाला विचाराल तर या संगीतात चांगलं-वाईट ठरतं ते इथेच.

तो मुलगा या नादाला कसा लागला, तेही त्याने सांगितलं. त्याने मोबाइलवर एका मुलीचा व्हिडिओ दाखवला. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे, तिथल्या डोंगराळ भागातल्या अयाकुचो गावची ही मुलगी. नाव रेनाता फ्लोरेस. जन्म २००१ चा. २०१५ साली, चौदा वर्षांची असताना, तिने मायकेल जॅक्सनचं एक गाजलेलं इंग्रजी गाणं तिच्या डोंगरातल्या केचुआ भाषेत म्हटलं, तेही इंका राजांच्या जुन्या दगडी अवशेषांवर उभं राहून. तो व्हिडिओ जगभर पसरला.

गाणं परक्याचं होतं, मग एवढं काय झालं? झालं ते भाषेमुळे. केचुआ ही इंका काळातही बोलली जाणारी जुनी भाषा. पेरूच्या २०१७ च्या जनगणनेत सुमारे ३८ लाख लोकांनी ती आपली मातृभाषा सांगितली. १९७५ मध्ये तिला सरकारी भाषेचा दर्जाही मिळाला. पण शहरात गेल्यावर केचुआ बोललं की लोक हसायचे, गावंढळ म्हणायचे, कामाला ठेवायचे नाहीत. त्यात १९८० ते २००० या काळात तिथे सरकार आणि बंडखोर यांच्यात मोठा रक्तपात झाला. पुढे सत्यशोधन आयोग बसला. त्याने २००३ च्या अहवालात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्यांचा अंदाज ६९ हजारांच्या वर दिला. त्यातले चारातले तीन जण केचुआ किंवा दुसरी आदिवासी भाषा बोलणारे होते, आणि सगळ्यात जास्त माणसं गेली ती याच अयाकुचो भागातली. अशा वेळी आई काय करणार? किती तरी आयांनी लेकरांशी केचुआ बोलणंच सोडलं. भाषा आजीपाशी थांबली.

रेनाताने ती आजीकडून उचलली. गाण्यांचे शब्द केचुआत आणायला घरच्या मोठ्या बायांनी मदत केली. पुढे ती स्वतःची गाणी करू लागली. त्यात डोंगरातल्या बासरीचे सूर आहेत आणि खाली कॉम्प्युटरचा आजच्या पोरांना आवडणारा ठेका. तिचं एक गाणं खेड्यातल्या मुलींवर आहे, शाळेसाठी लांब लांब चालत जाणाऱ्या आणि वाटेत त्रास सोसणाऱ्या. २०२१ मध्ये तिचा पहिला संग्रह आला, 'इस्कुन' नावाचा. केचुआत इस्कुन म्हणजे नऊ. त्यातली गाणी तिथल्या इतिहासातल्या बायांवर आहेत.

व्हिडिओ बघताना एक म्हातारी मावशी म्हणाल्या, "बोली कळंना, पण पोरगी आपल्यातलीच दिसती." मग विषय आपल्या बोलण्यावर गेला. तालुक्याच्या ऑफिसात गेल्यावर आपल्या बोलीला कोण कसं हसतं, आपली नातवंडं "आजी, तसं नाही म्हणायचं" म्हणून कशी टोकतात, हे सगळं निघालं. तास गेला. शेवटी तीन आज्या गायला तयार झाल्या आणि त्या दिवशी मोबाइलवरच थोडं रेकॉर्डिंग झालं.

घरी परतताना मात्र आमच्या तिघींच्या मनात एक जुनी गोष्ट सलत होती. काही वर्षांपूर्वी अशीच एक मंडळी गावात आली होती. बायांना भोंडल्याची गाणी म्हणायला लावली, फोटो काढले, चहा घेऊन गेली. पुढे आमच्याच एका गटातल्या बाईचा फोटो एका कॅलेंडरवर छापलेला सापडला. खाली नाव नाही, गाव नाही. त्या बाईंनी ते कॅलेंडर दुकानातून पैसे देऊन विकत आणलं. तेव्हा आम्ही गप्प बसलो होतो, कारण अशा वेळी काय बोलायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. या वेळी आधी माहिती काढायची असं ठरवलं. कॉलेजातल्या एका ओळखीच्या बाईंची मदत घेतली, नेटवर वाचलं. त्यात दोन माणसं भेटली, ती तुम्हालाही भेटली पाहिजेत.

पहिली अफुनाक्वा. प्रशांत महासागरात सॉलोमन बेटं आहेत, त्यातल्या मलाइता बेटावरची ही बाई. १९७० च्या सुमाराला ह्यूगो झेंप नावाचे लोकसंगीताचे अभ्यासक तिथे गेले आणि त्यांनी तिची एक अंगाई ध्वनिमुद्रित केली. आई-बाप गेल्यावर धाकट्या भावंडाला उगी करणारं मोठं भावंड, असा त्या अंगाईचा विषय. १९७३ मध्ये ती युनेस्कोच्या संग्रहाच्या तबकडीवर आली. इथवर ठीक होतं. मग १९९२ साली फ्रान्समधल्या 'डीप फॉरेस्ट' नावाच्या दोघा संगीतकारांनी तो आवाज उचलला, खाली कॉम्प्युटरचा ठेका घातला आणि 'स्वीट लल्लबाय' म्हणून गाणं काढलं. त्या संग्रहाच्या लाखो प्रती खपल्या. गाणं जाहिरातींना लागलं. झेंप यांनी पुढे लेख लिहून जाहीर तक्रार केली. आणि बघा, नॉर्वेतल्या एका मोठ्या संगीतकाराने तीच चाल घेतली आणि तिला आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांची अंगाई म्हणून छापलं. कुठे सॉलोमन बेटं आणि कुठे आफ्रिका! नाव गेलं की गावही जातं ते असं. काही वर्षांनी त्या गाण्यावर नाचाचा व्हिडिओ करून प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन तरुण तिला शोधत मलाइताला पोहोचला. तोवर अफुनाक्वा वारली होती. त्याला तिच्या घरची माणसं भेटली.

दुसरे दिफांग. तैवानमधल्या अमिस या आदिवासी जमातीचे शेतकरी. ते आणि त्यांची बायको १९८८ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गायला गेले होते. तिथे त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. चार माणसं जमली की म्हणायचं ते जुनं गाणं. पुढे जर्मनीतल्या 'एनिग्मा'ने ते घेतलं, आणि त्यातून १९९३-९४ मध्ये 'रिटर्न टू इनोसन्स' हे गाणं निघालं. ते जगभर गाजलं, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रसिद्धीतही वाजलं. संगीतकाराने परवानगीचे पैसे दिले होते, पण ते ध्वनिमुद्रण ज्या संस्थेकडे होतं तिला. शेतात काम करणाऱ्या या नवरा-बायकोला पत्ताच नव्हता. १९९८ मध्ये त्यांनी अमेरिकेत खटला भरला आणि १९९९ मध्ये बाहेर तडजोड झाली. नाव लागलं, पैसे मिळाले.

म्हणजे नाव लागायला दिफांग यांना कोर्टात जावं लागलं. अफुनाक्वाला तेही जमलं नाही. आम्ही तिघींनी हे वाचलं त्या रात्री एकीने फोन करून विचारलं, "मोबाइलवरचं ते रेकॉर्डिंग आत्ता कुणाकडे आहे?" खरं सांगायचं तर आम्हाला झोप लागली नाही.

आता कुणी म्हणेल, नाव-गाव लिहून ठेवायला परदेशातून कोण येतं? तर तसं काम आपल्याकडे झालेलं आहे, आणि फार मोठं झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांपासून सुरुवात केली आणि त्यांच्यासोबतच्या गावोगावच्या कार्यकर्त्या बायांनी मिळून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं, काही हजार गाणाऱ्या बाया. कोणत्या बाईने कोणती ओवी म्हटली, तिचं गाव कोणतं, हे त्यात नोंदवलेलं आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही त्यात आहेत. २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात, बहुतेक ठिकाणी गाणाऱ्या बाईचा फोटो आणि माहिती असते. मोबाइल असेल तर जरूर ऐका. आमच्या एका आजींनी तिथली ओवी ऐकून लगेच पुढची म्हटली.

आणि नव्या संगीतातही नाव राखता येतं. मुंबईच्या आरे कॉलनीतले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'स्वदेसी' या रॅप करणाऱ्या पोरांच्या गटाने २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं. जंगल आणि जमिनीचा विषय. खाली कॉम्प्युटरचा ठेका, वर वारली गाणं, आणि गाण्याच्या नावातच प्रकाश भोईर यांचं नाव. एवढं साधं आहे ते.

आता परत आमच्या गावात येऊ. पंधरा दिवसांनी तो मुलगा गाणं अर्धंमुर्धं बनवून घेऊन आला. ज्यांचा आवाज होता त्या आजींच्या कानाला त्याने हेडफोन लावले. बुगडीला टोचत होतं, म्हणून जरा सरकवून धरले. आजी ऐकत होत्या आणि आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आधी त्या हसल्या. मग मान डोलवायला लागल्या. मग एकदम थांबल्या आणि हेडफोन काढून म्हणाल्या, "लेकरा, आवाज माझाच हाय. पण माझ्या भावाचं नाव कुठं गेलं?"

त्या ओवीत भाऊ माहेरच्या वाटेने येतोय, आणि शेवटी त्याचं नाव येतं. नाव घेताना आजींना खोकला आला होता. पोराने तेवढं कापून टाकलं आणि वरची वाट दाखवणारी ओळच चार वेळा फिरवली. त्याच्या कानाला ती गोड वाटली. आजींचा भाऊ मागच्या साली वारला. ओवीत त्याचं नाव घ्यायचं म्हणूनच तर ती म्हटली होती.

पोरगं कानकोंडं झालं. म्हणालं, "आजी, मला वाटलं नुसती जागा भरायला नाव आहे." आम्ही त्याला दोष देत नाही. ओवीत नाव का येतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नव्हतं. त्याने तिथेच लॅपटॉप उघडला, मूळ रेकॉर्डिंग काढलं आणि खोकल्यासकट नाव परत जोडलं. आम्हाला तर आता तो खोकलाच बरा वाटतो.

पण त्याच बैठकीत दुसरी गोष्ट निघाली आणि ती जास्त नाजूक होती. दुसऱ्या एका आजींनी पहिल्या दिवशी भरात येऊन सासरच्या जाचाची एक ओवी म्हटली होती. त्या आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ती नको. माझी पोरं ऐकतील. त्यांच्या बापाचं हाय त्यात." मैत्रिणींनो, जात्याची वेळ पहाटेची होती, आणि समोर बसलेली बाई आपल्यासारखीच सासुरवाशीण होती. तिथे जे बोललं जायचं ते चावडीवर न्यायला नव्हतं. आता ते मोबाइलवर आलं की कुठल्या कुठे जाईल. म्हणून गायला बसायच्या आधीच विचारायचं, यातलं बाहेर काय द्यायचं आणि काय नाही. चुकून म्हटलं गेलं असेल तर पुसायला लावायचं. आणि पुसायचं म्हणजे मोबाइलमधून, लॅपटॉपमधून आणि तो ज्या इंटरनेटच्या खात्यावर सगळं साठवतो तिथूनही. वाकळीचं मघाशी सांगितलं ते यासाठीच. आवाजाच्या जेवढ्या नकला तेवढ्या जागा. त्या मुलाने आमच्यासमोर तिन्ही जागा उघडून ती ओवी काढून टाकली. आजींनी स्वतः बघून खात्री केली, चष्मा लावून.

कायदा काय म्हणतो, तेही विचारून घेतलं. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. परंपरेने आलेल्या ओवीचे शब्द, चाल यावर कुणा एकीची मालकी सांगता येत नाही, ती सगळ्यांची. पण ती ओवी तुम्ही गायलात, तर त्या गाण्यावर गाणारी म्हणून तुमचा हक्क आहे. गाणं म्हटल्याच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं तो राहतो. तुमच्या संमतीशिवाय ते ध्वनिमुद्रित करून विकता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गाणारी म्हणून आपलं नाव लावायला सांगणं आणि आपल्या गाण्याची नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड केली तर हरकत घेणं, हेही कायद्यात आलं आहे. त्यासाठी तुम्ही नामांकित गायिका असायला हवं अशी अट नाही.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी, सहीने द्यावा लागतो. त्या कागदावर कोणती ओवी, कशासाठी, किती वर्षांसाठी, किती मोबदला, हे लिहिलेलं असावं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. कुणी कागद आणला आणि त्यात "कायमचे सर्व हक्क" असं काही लिहिलेलं असलं तर अंगठा उठवायच्या आधी थांबा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला तिथे वकिलाचा सल्ला मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आम्ही आमचा कागद तिथेच वाचून घेतला. कागद एका पानाचा आहे, मराठीत. आजींचं नाव गाण्याबरोबर जिथे जिथे लिहिता येईल तिथे लिहायचं, गावाचं नावही. पूर्ण झालेलं गाणं आधी गाणाऱ्या बाईला ऐकवायचं आणि तिने हो म्हटल्यावरच बाहेर काढायचं. जाहिरातीला किंवा सिनेमाला द्यायचं झालं तर पुन्हा येऊन विचारायचं. त्या मुलाने वाचून लगेच सही केली. म्हणाला, "हे मलाही हवंच होतं, उद्या माझंच गाणं कुणी उचललं तर?"

घोडं अडलं ते पैशावर. आता गाण्याचे पैसे म्हणजे काही फार नव्हेत. मोबाइलवर एकदा गाणं वाजलं तर रुपयाचाही लहानसा भाग मिळतो. पण उद्या नशिबाने चार पैसे आलेच, तर त्यातला गाणाऱ्यांचा निम्मा वाटा कुणाच्या खात्यात जायचा? एक बाजू म्हणते, गळा आजींचा, पैसा आजींचा. दुसरी बाजू म्हणते, ओवी तर आमच्या सगळ्यांच्या सासवांची, मीही हीच म्हणते, मग पैसा ग्रामसंघाच्या खात्यात यावा. दोन बैठका यावर गेल्या. अध्यक्ष काकू तर चिडून म्हणाल्या, "पैसा यायच्या आधीच भांडण आलं."

आमचं मत आम्ही बैठकीत मांडलं, इथेही सांगतो. जिने गायलं तिला पैसे मिळावेत, आणि मागे साथ धरणाऱ्या बायांनाही, त्यांची नावंही कागदावर यावीत. ग्रामसंघाला वाटा द्यायचा की नाही हे त्या बाईने स्वतःहून ठरवावं, आपण तिला भरीला घालू नये. आजवर बाईच्या कामाचा पैसा "घरचाच तर आहे" म्हणून दुसऱ्याच्या हातात गेला. गटानेही तेच करावं, हे आम्हाला पटत नाही. सगळ्यांना हे पटलेलं नाही. पुढच्या बैठकीत ठराव मांडला जाईल, मग काय लिहिलं ते रेडिओवर सांगू. तुमच्या गटात असा प्रसंग आला तर तुम्ही काय कराल, तेही आम्हाला कळवा. आमचं अडलेलं सुटेल.

दरम्यान खरं रेकॉर्डिंग व्हायचंय. मुलाचं म्हणणं, नुसती ओवी नको, खाली जात्याची घरघरही खरी हवी, त्याचाच ठेका धरू. कल्पना आम्हाला फार आवडली. मग जातं शोधायला निघालो. आठ घरं हिंडलो. तीन जाती अंगणात पायरी म्हणून बसवलेली निघाली, एकाच्या वरच्या तळीत तुळस लावलेली. शेवटी एका घरी माळ्यावर पूर्ण जातं सापडलं, खुंट्यासकट. पण वर्षानुवर्षं पडून गुळगुळीत झालंय, दाणा धरत नाही. त्याला टाकी लावून घ्यायला हवी. टाकी लावणारं आमच्या भागात आता कुणी उरलेलं नाही. तुमच्या गावात कुणी असेल तर रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा. जाण्या-येण्याचा खर्च आणि दिवसाची मजुरी ग्रामसंघ देईल, तेवढा ठराव मात्र एकमताने झाला आहे.